कंगवा, पाण्याची धार आणि ध्रुवीय रेणू

प्रश्न : रसायनप्रेमी, दादर

मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार त्याच्याकडे झुकते आणि पाण्याचा रेणू ध्रुवीय (एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण) असल्यामुळे असे घडते, हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, रेणूचे धन टोक कंगव्याकडे ओढले जात असेल, तर ऋण टोक तितक्याच जोराने दूर लोटले जाणार. मग रेणू सरकतो कसा? शिवाय अध्रुवीय रेणूंवर विद्युत क्षेत्राचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणता येईल का?

उत्तर : मुलुंडकर

विद्यार्थिनीची शंका अगदी रास्त आहे. क्षेत्र सर्वत्र सारखे असेल तर दोन्ही टोकांवरील बले समान आणि विरुद्ध असतात, त्यामुळे रेणू फक्त क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो, सरकत नाही. क्षेत्र असमान असेल, जसे ते कंगव्याजवळ असते, तर जवळच्या टोकावरील बल किंचित जास्त भरते आणि रेणू तीव्र क्षेत्राकडे ओढला जातो.

परंतु हे वळणेही किती तोकडे असते ते पाहावे. पाण्याच्या रेणूचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे तो किती ध्रुवीय आहे याचे माप, 1.85 डिबाय (हे त्याचे एकक) आहे. हवेत ठिणगी पडेल इतके, म्हणजे मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टचे क्षेत्र घेतले, तरी सुट्या रेणूला वळवणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे सव्वादोनशेव्या भागाइतकीच येते. ‘सगळे रेणू रांगेत उभे राहतात’ असे दाखवणारी चित्रे म्हणूनच दिशाभूल करतात. प्रत्यक्षात रेणू सैरावैरा फिरत राहतात आणि सरासरीत अगदी थोडा कल उरतो.

मग धार का झुकते? नळाचे पाणी विद्युतवाहक असते. ऋणभारित कंगवा जवळ आला की धारेतील ऋणभार नळाकडे लोटला जातो आणि तुटून पडणारे थेंब धनभार घेऊन निघतात, म्हणून ते कंगव्याकडे ओढले जातात. जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशनमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचा निष्कर्ष हाच होता. (जुलैत मुंबईच्या दमट हवेत कंगव्यावर भार टिकतच नाही, ही अडचण वेगळीच.)

उत्तर : जुना प्राध्यापक, विलेपार्ले

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. क्षेत्रात कोणत्याही रेणूचा इलेक्ट्रॉन-मेघ थोडा सरकतो आणि प्रवर्तित (क्षेत्रामुळे तात्पुरता निर्माण झालेला) द्विध्रुव तयार होतो. म्हणूनच अध्रुवीय हेक्झेनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा; निर्वातासाठी तो 1) 1 नसून सुमारे 1.9 आहे आणि कार्बन टेट्राक्लोराइडचा सुमारे 2.2, पाण्याचा मात्र 80 च्या आसपास आहे.

कायमच्या द्विध्रुवांचे वळणे आणि प्रवर्तित द्विध्रुव हे दोन परिणाम वेगळे कसे करायचे, हे शास्त्रज्ञ पीटर डिबाय यांनी 1912 साली दाखवले, आणि मला तो सगळ्यात सुंदर भाग वाटतो. तापमान वाढले की कायमच्या द्विध्रुवांचा कल विस्कटतो, पण प्रवर्तित द्विध्रुवावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे वायूचे ध्रुवण (क्षेत्रात त्याच्या रेणूंमध्ये एकूण किती द्विध्रुव-कल येतो ते) निरनिराळ्या तापमानांना मोजून ते तापमानाच्या व्यस्तांकासमोर मांडले, तर हायड्रोजन क्लोराइडची रेषा चढती मिळते आणि कार्बन डायऑक्साइडची जवळजवळ आडवी. त्या आडव्या रेषेवरून कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ आहे आणि त्याचे दोन बंध-द्विध्रुव एकमेकांना रद्द करतात, हे कळते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. मग वर्गात कंगव्याऐवजी काय दाखवावे?

उत्तर : मुलुंडकर

कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींना न टेकवता जवळ बसवून आधी हवेत आणि मग खाद्यतेलात बुडवून कपॅसिटन्स मोजावा. तेलाचे रेणू क्षेत्राला प्रतिसाद देतात म्हणून तेलात तो जवळजवळ तिप्पट होतो. जोडवायरींचा कपॅसिटन्स आधी वजा करावा, आणि नळाचे पाणी मात्र वापरू नये, कारण ते वीज वाहून नेत असल्याने त्यातील आकडा भरवशाचा नसतो.