‘असिंक्रोनस’ला मराठीत काय म्हणाल?

– वेब सर्व्हरवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक ओघ, तेव्हा ‘मल्टिथ्रेडेड’ला ‘बहुधागी’ चालून जाईल. ‘असिंक्रोनस’ला मात्र हिंदी परिभाषेतला ‘अतुल्यकालिक’ तेवढा सापडला. कुणाला कळेल का?

– कळणार नाही, आणि कळलाच तर चुकीचा कळेल. ग्रीकमध्ये ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, त्यामुळे फोड बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला वाटेल, इथे कामं एका वेळी चालतच नाहीत. प्रत्यक्षात हजारो विनंत्या एकदम अधांतरी असतात. मुद्दा काळाचा नाही, खोळंब्याचा आहे.

गिरणीचं बघा. दळण घेऊन गेलात आणि पीठ मिळेपर्यंत तिथेच उभे राहिलात, तर तुम्ही थ्रेड, डेटाबेसच्या उत्तरासाठी ताटकळलेला. दळणं वाढली की माणसं वाढवायची. लिनक्सवर एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या कामापुरत्या मेमरीसाठी, सहसा 8 एमबी राखून ठेवतात. सगळी वापरली जात नाही, पण दहा हजार थ्रेड म्हटले की प्रकरण जड जातं. 1999 च्या सुमारास प्रोग्रॅमर डॅन केगेल यांनी ‘सी-टेन-के’ म्हणून मांडलेली अडचण ती हीच, दहा हजार गिऱ्हाइकं एकदम.

दुसरी तऱ्हा म्हणजे डब्यावर नाव घालून ठेवायचा, भाजी आणायची, पोस्टात जाऊन यायचं. पीठ झालं की हाक येते. 2004 चा एन्जिनेक्स हा वेब सर्व्हर आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं 2009 चं नोड याच चालीचे. मी तरी ‘बिनखोळंबा’ म्हणेन.

– ‘बिनखोळंबा’ झकास, पण तो ‘नॉन-ब्लॉकिंग’साठी राखा. तिथे हाक येत नाही, आपणच डोकावून ‘झालं का?’ विचारायचं. आणि दळण घरच्या जात्यावर असेल, म्हणजे वाट बघायची नसून काम आपल्यालाच उपसायचं असेल, तर? आमच्याकडे एकाने भलाथोरला एक्सेल अहवाल नोडच्या त्या एकुलत्या थ्रेडवरच बनवायला घातला. पाच मिनिटं लॉगिनचं पानसुद्धा उघडेना. तिथे वेगळा थ्रेडच हवा.

– ‘बहुधागी’वर फुली मारा. मराठीत नेटवर धागा म्हणजे चर्चा. ऑफिसात सगळे ‘थ्रेड अडकला’ म्हणतात, ‘धागा अडकला’ म्हटलं तर शिवणयंत्र आठवेल.

– बरं, ‘थ्रेड’ ठेवते. ‘असिंक्रोनस’ही तसाच, फक्त पहिल्यांदा येईल तिथे डबा ठेवून जाण्याचं उदाहरण घालते. जात्याचंही घेऊ ना?