कॅबरनेचा तुरटपणा आणि पुढची निवड

कॅबरने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाच्या वाइनने जीभ कोरडी पडते, म्हणून रेड वाइन आपल्यासाठी नाहीच, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मला घाईचा वाटतो. या द्राक्षाचे मणी लहान आणि साल जाड असल्यामुळे, रस सालींसह आंबत असताना त्यात भरपूर टॅनिन, म्हणजे सालीतले तुरट द्रव्य, उतरते, आणि ते लाळेतील प्रथिनांना चिकटले की तोंडात तो तुरट कोरडेपणा जाणवतो. तो दोष नव्हे. चांगल्या कॅबरनेचा तो कणाच आहे. मात्र बाटली अलीकडच्या हंगामाची असेल तर ती तासभर आधी पसरट तळाच्या सुरईत ओतून ठेवावी आणि १६ ते १८ अंश सेल्सियसला प्यावी, कारण फार थंड केली की तुरटपणा वाढतो आणि गरम झाली की नाकात अल्कोहोलच शिरते. सोबत मांसाचा किंवा मुरलेल्या चीजचा घास घेतला, तर पुढचा घोट चक्क मऊ लागतो.

एवढे करूनही जमले नाही, तर फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातील, नदीच्या उजव्या काठावरील, म्हणजे पोमरोल किंवा सेंत-एमिलियाँ भागातील, मेर्लो हे द्राक्ष प्रधान असलेली वाइन घ्यावी. पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षाची वाइन तर आणखी हलकी असते. माझी मनापासूनची शिफारस मात्र फ्रान्सच्याच लुआर खोऱ्यातील शिनों येथील, कॅबरने फ्राँ या द्राक्षाच्या वाइनची आहे. कॅबरने सोव्हिन्याँ ही याच द्राक्षाच्या आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या संकरातून जन्मली, हे १९९७ मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे प्रसिद्ध झाले. त्यामुळे सुगंधाचे नाते टिकते आणि तुरटपणा बराच सौम्य होतो.