विषय: उत्तम सुशी आणि एखादं भारी जपानी रेस्टॉरंट

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि यंदा बायकोची फर्माईश आहे अस्सल सुशीची, तीही शेफसमोरच्या काउंटरवर बसून. मॅपवर शोधलं तर जिथे तिथे साडेचार तारे, आणि सगळ्यांचे फोटो एका साच्यातले. नुसती नावं नकोत, ती गुगलही देतं. चांगलं ठिकाण ओळखायचं कसं ते सांगा. सोबत सासूबाई असतील. त्या पूर्ण शाकाहारी.

– प्र.

---

उत्तर १

नमस्कार,

तारे बाजूला ठेवा आणि मेन्यू उघडा. एकाच ठिकाणी सुशी, रामेन, तेरियाकी आणि वर थाई करीसुद्धा मिळत असेल, तर पोटभर जेवायला ते ठीक, तुमच्या कामाचं नाही. मेन्यू आखूड आहे, माशांची नावं ऋतूप्रमाणे बदलतात आणि मेयोनेजमध्ये न्हालेले ड्रॅगन-रेनबो रोल जवळपास नाहीतच, असं दिसलं की तिथे थांबा.

माझी परीक्षा भाताची, म्हणजे माशाखालच्या त्या व्हिनेगर लावलेल्या घासाची. सगळे ट्यूनाचंच कौतुक करत बसतात, पण पैसे मोजले की मासा विमानाने येतो. टोकियोच्या तोयोसु बाजारातून तो जगभर जातो. भात मात्र तिथेच, त्याच दिवशी जमून यावा लागतो. तो अंगाइतका कोमट हवा, फ्रिजमधून काढल्यासारखा गार नको. उचलताना घास फुटता कामा नये, पण तोंडात गेला की दाणा न दाणा सुटा व्हायला हवा. काही ठिकाणी भात तपकिरी दिसेल. बिचकू नका, साके (तांदळाची दारू) गाळून उरलेला चोथा मुरवून केलेल्या लाल व्हिनेगरचा तो रंग. असा भात दिसला तर माझ्या मते ती जमेची बाजू.

मग बघायचा कोहादा. छोटासा, चंदेरी, तसा स्वस्तातला मासा. तो मिठात किती वेळ आणि मग व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचा, हे त्याचा आकार आणि चरबी बघून ठरवावं लागतं. ओतोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग, तोंडात विरघळतो त्याचं श्रेय चरबीला; कोहादा चांगला लागला तर ते शेफला. लोकांनी टाकलेल्या फोटोंत कोहादा शोधा. जिथे तो आवर्जून वाढतात तिथे शेफला स्वतःच्या हातावर भरवसा असतो.

ताटलीच्या कडेला वसाबी म्हणून चिकटवलेला तिखट, हिरवागार गोळा म्हणजे बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग. खरं वसाबी आयत्या वेळी किसतात, बरेचदा शार्कच्या कातडीच्या किसणीवर, कारण त्याचा वास लगेच उडतो.

आणि ‘आमचा मासा कधीच गोठवलेला नसतो’ या जाहिरातीला भुलू नका. परजीवी मारण्यासाठी कच्चा खायचा बराचसा मासा आधी गोठवावाच लागतो: अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या निकषानुसार उणे २० अंशांना ७ दिवस, युरोपात त्याच तापमानाला २४ तास. ट्यूनाच्या मोठ्या जातींना एफडीएची सूट आहे, पण तोही चांगले शेफ काही दिवस मुरवूनच वाढतात.

– सु.

---

उत्तर २

सु. ताईंचं भाताबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण मॅपवरचे तारे बाजूला ठेवताना मिशलिन या रेस्टॉरंट गाइडच्या ताऱ्यांना सरसकट झटकू नका. ते तारे सजावटीला नसतात, फक्त पदार्थांना असतात. मात्र यादीत नाव नाही म्हणून ठिकाण वाईट, असंही नाही. टोकियोचं सुकियाबाशी जिरो हे सुशीचं रेस्टॉरंट २००७ मध्ये निघालेल्या पहिल्या टोकियो गाइडपासून तीन ताऱ्यांचं होतं. २०१९ मध्ये ते यादीतून गेलं ते चव बिघडली म्हणून नव्हे, सर्वसामान्यांना तिथे थेट बुकिंग मिळत नाही म्हणून.

‘जपानी गिऱ्हाईक दिसलं की आत शिरा’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. माझा त्यावर विश्वास नाही. जपानी माणसालाही ऑफिसशेजारी घाईत काहीतरी खावंच लागतं.

माझा सल्ला, आधी दोघंच दुपारी जाऊन या. हात तोच असतो, बिल हलकं. बसायचं काउंटरवरच. निगिरी (भाताच्या घासावर ठेवलेला मासा) शेफने पुढ्यात ठेवली की लगेच उचलायची, फोटोसाठी ताटकळत ठेवायची नाही. वरून सोया लावलेला असेल तर पुन्हा बुडवू नका. हाताने खाल्लेली चालते. अत्तर मात्र त्या दिवशी नको, आठ-दहा खुर्च्यांच्या खोलीत ते सगळ्यांच्या घासात उतरतं.

– अ.

---

उत्तर ३

अहो, सासूबाईंचं कोणी बोलेल का?

काउंटरवरच्या ओमाकासेला त्यांना नेऊ नका. शेफ देईल ते खायचं, हाच तिथला करार. शाकाहारी माणसासाठी बहुतेक ठिकाणी सरळ नकार मिळतो, आणि मिळाला नाही तरी त्या काकडीच्या रोलवर दोन तास काढतील.

खरी गोम दाशीत आहे. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, यांचं ते पाणी. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, भाज्यांच्या तेंपुरा भज्यांबरोबरची पातळ चटणी, इनारी सुशीत भाताभोवती असलेलं गोडसर तोफू, सगळीकडे ते असू शकतं. ‘मासा नाही ना?’ असं विचारलंत तर वेटर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण तुकडा खरंच नसतो. म्हणून विचारायचं ते असं: दाशी कशाची आहे?

त्यांच्यासाठी काइसेकीवालं (एकामागून एक छोटे पदार्थ वाढणाऱ्या पारंपरिक जपानी जेवणाचं) ठिकाण बघा आणि बुकिंग करतानाच सांगा की शोजिन पद्धतीचं जेवण हवं. बौद्ध मठांतलं हे जेवण. दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची, कांदा-लसूणही नसतो. मी असं आगाऊ कळवून जेवले आहे. तिळाचं तोफू आलं ते बेताचं होतं, पण मिसो लावून भाजलेलं वांगं इतकं मऊ की चमच्याने उचललं, आणि शेवटी भात, सूप, लोणचं. आयत्या वेळी सांगितलंत तर मात्र तेही हात वर करतील, कारण दाशी सकाळीच झालेली असते.

– मी. काकू

---

उत्तर ४

सगळ्यांचे आभार. दोन कार्यक्रम ठरले: आम्हा दोघांचं दुपारी काउंटरवर, आणि रात्री सासूबाईंसह काइसेकी. काकू, दाशीचा निरोप आजच पाठवतो. काउंटरचं पुढच्या महिन्याचं बुकिंग एक तारखेला उघडतं म्हणे आणि ऐन वेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे कापतात. तेव्हा त्या आठवड्यात मंडळाची मीटिंग ठेवू नका.

– प्र.

---

उत्तर ५

मीटिंग त्याच आठवड्यात आहे, अजेंडा कालच गेला आहे. तुमची गैरहजेरी मांडून ठेवतो.

– सचिव