७९५०एक्स असताना ओव्हरक्लॉकिंग कशासाठी?

वऱ्हाडीरेंडर (धागाकर्ता)
नागपूरला घरूनच थ्रीडी ॲनिमेशनचं काम करतो. एकेक पार्ट निवडून पीसी जोडला: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, ३६० एमएमचा लिक्विड कूलर, ६४ जीबी रॅम. सुरुवातीला मीही सगळे कोर (प्रोसेसरमधली गणना करणारी एककं) ५.३ गीगाहर्ट्झवर बांधून ठेवले होते. आता ठाम मत झालंय, की एवढा महागडा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणं, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, म्हणजे वीज वाया घालवणं.

हा प्रोसेसर कारखान्यातूनच जवळजवळ टोकाला नेलेला येतो. २३० वॅटपर्यंत वीज खाणं आणि ९५ अंशांपर्यंत तापणं रचनेतच धरलेलं आहे. वर उरतं किती? उलट सगळे कोर एकाच आकड्यावर बांधले की एक-दोन कोरांना थोड्या वेळासाठी मिळणारा ५.७ गीगाहर्ट्झचा बूस्ट (वाढीव वेग) जातो. रेंडर जरा लवकर उरकतं, पण मॉडेलिंग करताना मशीन आधीपेक्षा सुस्त.

शिवाय वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के आणि क्लॉक (वेग) ५ टक्के चढवला तर १.२१ गुणिले १.०५, म्हणजे साधारण २७ टक्के जास्त उष्णता. मे महिन्यात माझी खोलीच ४० अंशांवर असते. कूलर कितीही भारी घ्या, त्यातलं पाणी खोलीपेक्षा गार होत नाही.

आता कमी विजेच्या इको मोडमध्ये १४२ वॅटची मर्यादा घातलीय. दहा मिनिटांत रेंडर होणारी फ्रेम (ॲनिमेशनचं एक चित्र) साडेदहा मिनिटांत निघते. मला चालतं.

लॅमिंग्टनरोड
साफ असहमत. रॅम किती वेगावर आहे तुमची? ६००० असेल तर तुम्ही अजूनही ओव्हरक्लॉकिंगच करताय, कारण या प्रोसेसरचा अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे.

१९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आठवतो. बस (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणारी वाहिनी) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, फुकटात! तेवढा फायदा आता मिळत नाही, हे मान्य. पण ती कला संपलेली नाही, मल्टिप्लायरकडून (बसच्या वेगाला गुणणारा आकडा) मेमरी टायमिंगकडे (रॅमच्या प्रतिसादाचा वेळ) आणि कोरनिहाय व्होल्टेजकडे सरकलीय. ‘वाया’ म्हणून हात झटकले तर नवी मुलं बायोस (मदरबोर्डच्या सेटिंग्ज) उघडणारच नाहीत, आणि मशीन आतून कसं चालतं ते त्यांना कधी कळणार नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

रात्रपाळी
बायोस उघडायलाच हवं, पण वेगळ्या कारणासाठी. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं प्रकरण घ्या. अनेक मदरबोर्ड वीजमर्यादा मोकळ्या सोडूनच येत होते. पुढे जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर झिजतात हे बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आलं आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. ज्यांनी कशालाही हात लावला नव्हता, त्यांनाही हा फटका बसला. धागाकर्त्याला +१.

वऱ्हाडीरेंडर
@लॅमिंग्टनरोड, रॅमचा मुद्दा मान्य. ६००० वरच आहे, आणि तो वेग मी सोडणार नाही. पण कोरांचं काय? कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरांचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे २५ वर ठेवून प्राइम९५ हा भार-चाचणीचा प्रोग्राम रात्रभर चालवला, एकही चूक नाही. सकाळी मशीन रिकामं बसलेलं असताना आपोआप रीस्टार्ट! क्लायंटच्या फ्रेम चालू असत्या तर? म्हणून ते बंदच केलं.

लॅमिंग्टनरोड
कारण चाचणी चुकीची निवडली. सगळ्या कोरांवर भार असला की क्लॉक खालीच राहतो. रिकाम्या मशीनवर एखादा कोर क्षणभर ५.७ ला उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. कोरसायकलर चालवा, ते एकेका कोरला वेगळं तपासतं. सगळ्यात चांगल्या दोन कोरांना उणे ५ द्या, बाकीच्यांना उणे १५ पासून सुरुवात करा. १४२ वॅटची मर्यादा आहे तशीच ठेवा, मग ती साडेदहा मिनिटांची फ्रेम परत काढून वेळ इथे टाका.