शब्दचर्चा : ‘गाकुवेध’मधला ध

नवखा फोंडेकर :
मूळ पुण्याचा, फोंड्यात येऊन आठ महिने झाले. एक प्रश्नावली मराठीत उतरवायचं काम घेतलं आहे. विषय असा : गोव्यातल्या गावडा-कुणबी आणि धनगर या दोन समाजांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना. दोन दिवसांत उरकेल म्हणालो होतो, आता तिसरा आठवडा चालू आहे.

पहिली ठेच ‘गाकुवेध’ला लागली. इथल्या पेपरात हा शब्द सारखा दिसतो. मला आधी ग्रहणाचे वेध आठवले, मग कुणाचं तरी टोपणनाव असेल असं वाटलं. दुसरी ठेच ‘कुणबी’. आमच्याकडे कुणबी म्हणजे शेतकरी, ओबीसीत मोडणारा. इथे कागदावर ‘अनुसूचित जमाती’ लिहिलं आहे. शब्द एकच की दोन?

केप्याचा मास्तर :
वेधाशी काही संबंध नाही. गावडा, कुणबी, वेळीप, धनगर, या चार नावांची पहिली अक्षरं घ्या. जमातीचा दर्जा मिळावा म्हणून चौघे एकत्र आले, त्या संघटनेचं हे नाव. जानेवारी २००३ मध्ये पहिली तीन नावं गोव्याच्या यादीत गेली. चौथं राहिलं. अजून राहिलेलंच आहे. संघटनेच्या नावातला ‘ध’ मात्र कुणी काढला नाही.

यादीत नाव लागल्याने काय होतं ते जनगणनेत बघा. २००१ साली गोव्यात अनुसूचित जमातीची माणसं किती? ५६६. २०११ साली १,४९,२७५, म्हणजे राज्याच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त. कुणी बोटीतून उतरलं नव्हतं. तीच माणसं, तेच वाडे, तीच पौषातली धालोची, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याची, मांडं. जुनी यादी गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाची होती. तिच्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली होते. इथल्या डोंगरातला माणूस तिच्यात नव्हताच.

मी स्वतः वेळीप. त्यामुळे माझं म्हणणं थोडं एकांगी वाटलं तर समजून घ्या.

जुनी पोथी :
‘कुणबी’ दोन्हीकडे एकच. मूळ संस्कृत ‘कुटुंबिन्’, म्हणजे घरदार-संसार असलेला, शेती करणारा. देशावर तो जमिनीला धरून राहिला, तिथेच त्याची जात झाली. गोव्यात जमीन दुसऱ्याच्या हातात गेली आणि शब्द कसणाऱ्याला चिकटून राहिला. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात तर ‘कुणबी’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ख्रिस्ती बाई येते, तांबड्या चौकटीचं कापड नेसलेली.

‘गावडा’ची गंमत याहून मोठी. घाट चढून कर्नाटकात गेलात की ‘गौडा’ म्हणजे गावचा प्रमुख, त्याच्या शब्दाला वजन. घाट उतरून इकडे आलात की गावडा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात चिखल तुडवतोय. चाळीस-पन्नास किलोमीटरांत शब्दाची पत एवढी घसरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. इथले गावडे मात्र सांगतात, ‘गाव आम्हीच वसवला, म्हणून आम्ही गावडे.’ व्युत्पत्ती म्हणून मी हे छातीठोक सांगणार नाही, पण लोकांनी स्वतःच्या नावाचा लावलेला अर्थही शब्दचर्चेत नोंदवायला हवा.

प्रश्नावलीत धर्माचा रकाना असेल तर आणखी एक. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धीमोहिमेत जे ख्रिस्ती धर्मातून हिंदू धर्मात परतले त्यांना ‘नवहिंदू गावडे’ म्हणतात. जे परतले नाहीत ते ख्रिस्ती गावडे. तिसरे हिंदू गावडे. तिघेही यादीत आहेत, कारण जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही.

नवखा फोंडेकर :
आभारी आहे. आता खरी अडचण सांगतो. प्रश्नावलीत असं आहे : ‘शेतजमीन किती? मालकीची, कुळाची की मुंडकाराची? एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आहे का?’ (आमच्या सात-बाराला इथे एक-चौदा म्हणतात, आणि तेही इंग्रजी आकड्यांत, हे कळायलाच मला आठवडा लागला.) सत्तरी तालुक्यात एका धनगरवाड्यावर नमुन्यादाखल पाच घरांत विचारून आलो. पाचही घरांत उत्तर ‘नाही, नाही, नाही’. मग या समाजाची आर्थिक स्थिती शून्य असं लिहायचं का? अंगणात तर बारा म्हशी होत्या.

सत्तरीची लेक :
दादा, तुम्ही आमच्याच वाड्यावर येऊन गेलात की काय कोण जाणे. आजी सांगत होती, कुणी तरी आलं होतं, ‘कूळ कोणतं?’ विचारत होतं. तिने घराण्याचं नाव सांगितलं. तुम्ही काय लिहिलंत देव जाणे.

नवखा फोंडेकर :
लिहिलं होतं ‘कूळ : आहे’. आत्ताच खोडलं.

जुनी पोथी :
हा घोटाळा जुना आहे. कुळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कानाला फरक लागत नाही. प्रश्नावलीत ‘कूळ’ नुसतं टाकू नका, ‘दुसऱ्याचं शेत कसता का?’ असं सरळ विचारा. ‘मुंडकार’ हा तर खास इथलाच शब्द. भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, घर बांधून राहायचं, माडांची राखण करायची, हाक आली की कामाला जायचं. घर स्वतःचं, पायाखालची जमीन त्याची.

सत्तरीची लेक :
आणि आम्ही ना कूळ, ना मुंडकार. तुलनेची सुरुवात इथून करा.

मास्तरांच्या लोकांना भाटकाराने पिळलं हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण भाटकाराशी नातं होतं म्हणून कायद्याला त्यांना कुठल्या तरी नावाने हाक मारता आली. कुळांसाठी १९६४ चा कायदा झाला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ मालक ठरला. मुंडकारांसाठी १९७५ चा कायदा आला, घरातून हुसकावता येणार नाही म्हणून. माझ्या पणजोबांनी कुणाचं शेत कसलं नाही, कुणाचे माड राखले नाहीत. ते रानात म्हशी चारायचे, लोणी-तूप विकायचे, चारा संपला की पुढच्या डोंगरावर जायचे. रान एक तर सरकारचं किंवा कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं. दोन्ही कायदे आमच्या गोठ्याबाहेरून निघून गेले.

पुढे रानाचं अभयारण्य झालं. मग चराई हा शब्दच गुन्ह्यासारखा ऐकू यायला लागला.

केप्याचा मास्तर :
बाय, तुझं बरोबर आहे, पण आमचंही एवढं सोपं झालं नाही. कूळकायदा कागदावर आला तेव्हा ज्याचं नाव उताऱ्यावर कूळ म्हणून लागलं होतं त्याला फायदा. भाटकाराने तोंडी दिलेल्या शेताला कागद कुठला? आणि केपे-काणकोणातले आमचे कितीतरी लोक कुमेरी करायचे. डोंगराचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, नाचणी पेरायची, दुसऱ्या वर्षी तो सोडून पुढचा. तीही वनखात्याच्या नजरेत चोरीच. त्या बाबतीत कुमेरीवाला वेळीप आणि म्हशीवाला धनगर एकाच बाकावर.

यादीत आलो म्हणून आमच्या घरी सोन्याचा धूर निघाला नाही हेही लिहून ठेव. २५ मे २०११ ला बाळ्ळीला जे झालं ते यादीत आल्यावर आठ वर्षांनी. यादीत असून हक्क मिळत नाहीत म्हणूनच लोक रस्त्यावर बसले होते. आमची दोन तरुण पोरं त्या दिवशी जळून मेली. विधानसभेतल्या आरक्षित जागांसाठी संसदेचा कायदा व्हायला २०२५ उजाडलं.

सत्तरीची लेक :
मास्तर, तुमच्या दुःखाशी माझी स्पर्धा नाही. पण फरक कुठे पडतो तो आकड्यात सांगते. वनहक्काचा कायदा २००६ चा. तुम्ही यादीतले, म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून रानात राहत होतो एवढं तुम्हाला दाखवायचं. आम्ही त्या कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’. आम्हाला तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवायची. पंचाहत्तर वजा करा, १९३० येतं. पोर्तुगीज अमदानी! जो माणूस चाऱ्यामागे डोंगर बदलत होता त्याने १९३० चा कागद कुठून आणायचा, आणि कुठल्या भाषेतला? डोंगर तोच, वाघ तोच, पावसाळ्यात तुटणारी वाट तीच. तुम्हाला पुरावा आजोबांचाही पुरेल, आम्हाला खापरपणजोबांचा लागतो.

नोकरीतही तेच. जमातीला बारा टक्के, त्यात तुमचे तीन समाज मुख्य. ओबीसीला सत्तावीस टक्के. ऐकायला आमचा आकडा मोठा, पण त्या सत्तावीसात भंडारी समाजासारखा संख्येने मोठा, शाळा-कॉलेज जवळ असलेला समाज आहे. आमच्या वाड्यावरून हायस्कूलला जायला मी रोज दीड तास चालत होते.

नवखा फोंडेकर :
मग ‘ध’ला बाहेर ठेवण्याचं कारण काय दिलं गेलं? महाराष्ट्रात ‘धनगड’ की ‘धनगर’ असा एका अक्षराचा वाद चालला, तसंच काही?

जुनी पोथी :
नाही, तो वाद वेगळा. तिथे यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे आणि तो ‘ड’ म्हणजे आमचाच ‘र’ असं म्हणणं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. गोव्यात अक्षराचा प्रश्न नाही. राज्य सरकारने शिफारस केली, केंद्राच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने आक्षेप घेतले, फाईल फिरत राहिली.

शब्दाच्या दृष्टीने पाहायचं तर जमात ठरवण्याचे निकष वाचा. १९६५ च्या लोकूर समितीचे पाच आहेत : आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकटेपणा, बाहेरच्या समाजाशी संपर्काचा बुजरेपणा, मागासलेपण. सगळा जीव या ‘बुजरेपणा’त अडकला आहे. आता हे माझं मत, सरकारी खात्याचं नव्हे : दूध विकणारा माणूस बुजरा राहूच शकत नाही. त्याचा माल नासतो. नाचणी कणगीत वर्षभर थांबेल, दूध दुपारपर्यंत थांबत नाही. म्हणजे ज्याचा धंदाच रोज डोंगर उतरायला लावतो, तो या रकान्यात नापास. गरिबी मोजण्याआधी लाजाळूपणा मोजणारी ही फूटपट्टी मला कधीच समजली नाही.

केप्याचा मास्तर :
फूटपट्टीचं राहू द्या, पोथीबाब. शब्दच चोरीला जातात त्याचं काय? ३० जुलै २०२१ ला विधानसभेने ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक मंजूर केलं. त्यात भूमिपुत्र कोण? तीस वर्षं गोव्यात राहिलेला. त्याला अडीचशे चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी मागता येणार. आमच्या लोकांचं डोकंच फिरलं. घर द्यायला विरोध नव्हता सगळ्यांचा, पण भूमिपुत्र हे नाव आम्ही स्वतःसाठी वापरतो. तीस वर्षांत भूमिपुत्र होता येत असेल तर आमचे बापजादे कोण होते? गदारोळ झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी ‘भूमिपुत्र’ शब्द काढतो म्हणून जाहीर केलं, पुढे विधेयकच मागे पडलं. एका शब्दापायी!

सत्तरीची लेक :
आम्ही त्या वेळी कुठल्या बाजूला उभं राहायचं तेच कळत नव्हतं. भूमिपुत्र म्हणावं तर नावावर भूमी नाही.

आमच्या देवीचं नाव म्हाळची पांढर. पोथीकाका, ‘पांढर’वर कधी तरी लिहा.

जुनी पोथी :
लिहितो की. मराठीत काळी आणि पांढरी अशी गावाच्या जमिनीची जुनी विभागणी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. फिरस्त्या समजल्या जाणाऱ्या समाजाच्या देवीच्या नावात वस्तीच्या जमिनीचा शब्द असावा, हे विलक्षण आहे. शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाचा आहे का, ते मात्र देशावरच्या कोशातून ठरणार नाही, तुमच्या वाड्यावर येऊन ऐकावं लागेल. सवड काढून वेगळा धागा करू.

नवखा फोंडेकर :
रकाने बदलले आहेत. ‘शेतजमीन किती’ पहिला होता, तो सहावा केला. आता सुरुवात अशी :
‘घर कशावर चालतं?’
‘घराखालची जागा कुणाच्या नावावर आहे?’
‘दुसऱ्याचं शेत कसता का? भाटात राहता का? रानात चारता का?’
‘पावसात वाट किती दिवस बंद असते?’
‘पशुधन किती?’
आणि ‘जात’च्या जागी ‘तुम्ही स्वतःला काय म्हणता?’ आणि ‘कागदावर काय लिहिलं आहे?’ असे दोन वेगळे प्रश्न. कुठे चुकत असेन तर सांगा, सोमवारी मास्तरांच्या भागात जायचं आहे.

केप्याचा मास्तर :
वाटेचा प्रश्न चांगला. त्यात ‘आजारी माणसाला कसं नेता?’ हेही घाला. आमच्याकडे येताना सकाळची बस पकडा, दुपारनंतरची भरवशाची नाही. आणि जेवायला थांबायचं.

सत्तरीची लेक :
‘पशुधन’ काढा, दादा, ते पंचायतीच्या फळ्यावर शोभतं. ‘म्हशी’ लिहा. पण ‘किती’ विचारू नका. आजीला म्हशी किती विचारलंत तर ती सांगणारच नाही, मोजल्या की घटतात म्हणते. नावं विचारा. एकेकीचं नाव, कुणाची कोण, कुठली भाकड, सगळं सांगेल. तुम्ही गुपचूप बोटांवर मोजत बसा.