आल्ड्रिनच्या डोक्यावरचं काळं आकाश

चंद्रावर उभ्या असलेल्या अंतराळवीर आल्ड्रिनच्या त्या प्रसिद्ध फोटोत डोक्यावर भरपूर काळं आकाश दिसलं तर तो प्रिंट अलीकडे संगणकावर 'सुधारलेला' समजावा, असं नासाचे जुने प्रिंट ओळखण्याबद्दल सांगितलं जातं. जुन्या प्रिंटची खूण म्हणून कागदामागची 'ए कोडक पेपर' ही पुसट छपाई आधी बघा, हा त्यासोबतचा सल्ला एकदम मान्य. पण आकाशाचं पटलं नाही. या निकषाने हातात आलेला अस्सल जुना प्रिंट सोडून द्याल!

मूळ फ्रेम एएस११-४०-५९०३, म्हणजे अपोलो ११, ४० क्रमांकाचं मॅगझिन (कॅमेऱ्याला लावायची फिल्मची डबी). आर्मस्ट्राँगने छातीवर बसवलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने तो फोटो काढला, त्यात आल्ड्रिनच्या पाठीवरच्या जीवनरक्षक संचाची अँटेना वरच्या कडेला कापली गेली, शिवाय फ्रेम तिरकी आली. नासाने १९६९ मध्ये फोटो प्रसिद्ध करतानाच वर काळा भाग वाढवला. तेव्हाच्या प्रिंटमध्ये तो असणारच. खात्री हवी असेल तर भिंग घेऊन फुल्या शोधा. कॅमेऱ्यात फिल्मसमोरच्या काचेवर २५ बारीक फुल्या होत्या, त्यातली मधली जरा मोठी. ती इथे प्रिंटच्या मध्यावर नाही, खाली आल्ड्रिनच्या पायावर सापडते, कारण वर आकाश वाढलंय. चंद्रावरच्या इतर फ्रेमनाही हीच युक्ती लावता येते. प्रिंट कुठून किती कापलाय ते लगेच कळतं.

आणि कृपा करून फ्रेममध्ये बसवायला पांढरी कड कापू नका. लाल आकड्यातला नासाचा क्रमांक तिथेच असतो.