वही कुठाय, साहेब? आणीबाणीत माणसं सांभाळणाऱ्यांचा अनुभव धागा

पाऊस, आग, साथ, नाहीतर मोठ्या गिऱ्हाइकाने अचानक काढलेला पाय. अशा वेळी दहा-पन्नास माणसं ज्यांच्या शब्दावर हलतात, त्यांनी इथे लिहावं. ‘आम्ही कसं निभावलं’च्या कहाण्या दिवाळी अंकाला ठेवा. गडबड चालू असताना आणि ओसरल्यावर स्वतःची चूक स्वतःला दिसावी कशी, त्याची रीत हवी आहे.

ऑफिस ॲडमिन, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई)

दोनशे पानी वही आणि साधं बॉलपेन. जेलची शाई ओल्या हाताने पसरते. प्रत्येक मोठ्या निर्णयाला चार ओळी: आत्ता काय माहीत आहे, काय माहीत नाही, काय ठरवलं, परत कधी तपासणार. वर वेळ. हे निकाल लागायच्या आत लिहायचं. नंतर लिहिलं की आपण आपोआप शहाणे ठरतो, ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य तिथेच जन्मतं.

पावसात ऑफिस सोडण्याची नोंद अशी दिसते:

‘स. ११.१०. माहीत: रेड अलर्ट, १.२० ला ४.६ मीटरची भरती, हार्बर लोकल पंधरा मिनिटं उशिरा. माहीत नाही: कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी आहे का. ठरवलं: विरार, कसारा, कर्जत, पनवेलवाले बाराच्या आत बाहेर. दादर-माहीमवाले थांबतील. तपासणी ११.४५.’

रेड अलर्टचा अर्थ पाठ असू द्या: २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता. भरती यासाठी बघायची, की समुद्र चढला की नाल्यांचं पाणी उतरायला जागा नसते.

चुकतं कुठे? वरचे साहेब तीन वाजेपर्यंत वाट बघतात. कारण पाऊस नसतो, ‘लवकर सोडलं आणि ऊन पडलं तर हसं होईल’ हे असतं. म्हणून पाचवी ओळ: ‘मला कशाची भीती वाटतेय?’ ही ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि बहुतेक वह्यांत ती कोरी असते.

दुसरी चूक खिडकीची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. फोर्टात बसून बाहेर बघणाऱ्याला उपनगर दिसत नाही. संकटात साहेबांचंही असंच होतं, आपल्या मजल्यावर शांत असलं की सगळीकडे शांत आहे असं वाटतं. तपासणीच्या वेळी तीन फोन ठरलेले ठेवा, तिन्ही वेगवेगळ्या लोकल लाइनवरच्या माणसांना. त्यातला एक वॉचमनला किंवा ड्रायव्हरला.

शिफ्ट सुपरवायझर, तुर्भे (राहणार मुलुंड)

वही वगैरे ठीक, पण हातात ग्लोव्ह्ज आणि कानात सायरन असताना लिहिणार कोण? व्हॉइस नोट, चाळीस सेकंद, स्वतःच्याच नंबरवर. आधी वेळ बोलायची.

ॲडमिन, बीकेसी

चालेल, पण त्या नोट्स परत कुणी ऐकत नाही. त्याच रात्री ऐकून तीन ओळी उतरवल्या तरच उपयोग.

वॉर्ड इनचार्ज, परळ

आधी झोपेचं बोला. सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे सहाला उठलेले साहेब रात्री अकराला स्टिअरिंगवर बसायच्या लायकीचे नसतात, आणि तेव्हाच दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्या लावत असतात. पहिल्याच दिवशी आपल्या जागी बसणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहा.

स्वतःला ओळखायच्या खुणा: एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, डबा न उघडता परत नेणं, ‘मीच बघते’ असं दिवसात पाचदा म्हणणं. यातल्या दोन दिसल्या की तासभर बाजूला. खुणा आपल्याला दिसत नाहीत, म्हणून एखाद्या ज्युनिअरला आधीच सांगून ठेवायचं: ‘सिस्टर, चहा’ असं तू म्हणालीस की मी उठणार. मग ती म्हणाल्यावर खरंच उठायचं. एकदा जरी डाफरलात तर पुन्हा कुणी म्हणणार नाही.

नंतरची बैठक दोनदा. एक लगेच, दहा मिनिटं, उभ्याने: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, उद्या काय बदलायचं. दुसरी दोन-तीन दिवसांनी, बसून. दोन्हींत सगळ्यात ज्युनिअर आधी, इनचार्ज शेवटी. मोठे बोलले की बाकीच्यांचं ‘हो, तसंच’ सुरू होतं. मात्र या बैठकीत कुणाला ‘मन मोकळं कर’ म्हणून भरीला घालू नका. जबरदस्तीने एका बैठकीत सगळं बोलायला लावल्याने नंतरचा त्रास टळत नाही. ज्याला हवं त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, इनचार्जनेही तो स्वतःसाठी वापरावा.

सोसायटी सेक्रेटरी, बोरिवली

एक सोपी परीक्षा. ग्रुपवरचे आपलेच शेवटचे वीस मेसेज कागदावर उतरवा. तीन रकाने: सांगितलं, विचारलं, सुनावलं. ‘सभासदांनी कृपया नोंद घ्यावी’ हे तिसऱ्यात. तिसरा रकाना सातच्या वर गेला तर टँकर वेळेवर येऊनही लोक चिडलेले का, ते कळेल. मग निरोप दिवसातून दोनदाच, ९ आणि ७ वाजता: काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, पुढचा निरोप किती वाजता. नवीन काही नसलं तरी तेवढं लिहायचं. निरोप चुकला की अफवा सुरू.

वर्कशॉपवाले, साकीनाका

माफीबद्दल थोडं. ‘कुणाला त्रास झाला असल्यास दिलगीर आहोत’ ही माफी नव्हे. ‘असल्यास’ काढा. काय चुकलं, कुणाचं नुकसान झालं, कोणत्या तारखेपर्यंत काय भरून देणार, एवढं तोंडावर सांगा. पगार उशिरा होणार असेल तर तारखेच्या आठ दिवस आधी, आणि सगळ्यात आधी स्वतःचा थांबवून.

ॲडमिन, बीकेसी

एक राहिलं. वही महिन्याभराने वाचायची, त्याच आठवड्यात नाही. निर्णय बरा पण निकाल वाईट, आणि निर्णय वाईट पण नशिबाने तरलो, हे दोन वेगळे करा. दुसऱ्या प्रकाराला लाल खूण, कारण त्याचीच शाबासकी मिळालेली असते. पाचव्या ओळीतली भीती आणि घेतलेला निर्णय जिथे एकाच दिशेला जातात तिथे दोन खुणा. लाल पेन जेलचं चालेल, तोवर पाऊस गेलेला असतो.